साताऱ्याची गादी आणि बगदादचे सिंहासन

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

अरब राष्ट्रांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले आहे. "ती कसली राष्ट्रे? इंग्रज-फ्रेंचांनी वाळवंटात पट्टी ठेवून ओढलेल्या रेषा त्या!" वाक्य अगदीच खोटे नाही. माझा आक्षेप वाक्याला नसून ते उच्चारताना ओठांवर येणाऱ्या हसूला आहे. आपले तसे नाही, आपला गाव, आपला तालुका, आपला जिल्हा ही सारी सह्याद्रीइतकीच स्वयंभू आहेत, असे त्या हसण्यात गृहीत धरलेले असते. फलटणात राहून असे हसणे मला तरी जमत नाही. एक साम्राज्य कोसळल्यावर जेत्याने त्याच्या तुकड्यांतून राज्ये कशी घडवावीत याचा प्रयोग बगदादच्या शंभर वर्षे आधी याच मुलखात झालेला आहे, आणि त्या प्रयोगात फलटण हेही एक पात्र होते.

आधी तिकडची हकीकत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे ताडून पाहता येईल. सिरिया आणि इजिप्त हे प्रांत १५१६-१७ साली सुलतान सलीमने जिंकले. तेव्हापासून सुमारे चारशे वर्षे अरब मुलखाचा मोठा भाग तुर्की सुलतानाच्या छत्राखाली होता. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले आणि इंग्रजांनी एकाच मालाचे तीन सौदे केले. इजिप्तमधील हाय कमिशनर मॅकमहन याने १९१५-१६ च्या पत्रव्यवहारात मक्केचा शरीफ हुसेन याला अरबांच्या स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. त्यातली भाषा इतकी संदिग्ध होती की तिचा अर्थ लावण्यात पुढे पिढ्या गेल्या. मे १९१६ मध्ये सायक्स नावाचा इंग्रज आणि पिको नावाचा फ्रेंच यांच्या नावाने ओळखला जाणारा गुप्त करार झाला आणि तोच मुलूख दोघांत वाटला गेला. नोव्हेंबर १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री बाल्फोर याने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय वसतिस्थानाला पाठिंबा जाहीर केला. शरीफाचा मुलगा फैजल अरब फौज घेऊन ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कसला पोचला. ८ मार्च १९२० रोजी तेथील सिरियन काँग्रेसने त्याला राजा म्हणून घोषित केले. परंतु सॅन रेमो येथे बसलेल्या दोस्त राष्ट्रांनी एप्रिलमध्येच सिरिया फ्रान्सच्या पदरात टाकला होता. २४ जुलैला मैसलूनच्या खिंडीत फ्रेंच तोफांपुढे अरब फौज उधळली गेली. तिचा सेनानी, युद्धमंत्री युसूफ अल-अझमा, तिथेच पडला. फैजलला देश सोडावा लागला.

गंमत पुढे आहे. १९२१ च्या मार्चमध्ये चर्चिल यांनी कैरोत बैठक भरवली आणि दमास्कसला चालला नाही तो राजा बगदादला चालेल असे ठरले. त्याला विरोध करू शकेल असा बसऱ्याचा सय्यद तालिब याला पकडून सिलोनला पाठवण्यात आले. मग कौल घेतला. ९६ टक्के लोक अनुकूल निघाले! २३ ऑगस्ट १९२१ रोजी मक्केचा हा राजपुत्र इराकच्या गादीवर बसला. त्याचा भाऊ अब्दुल्ला याला जॉर्डन नदीच्या पलीकडचा भाग मिळाला. फ्रेंचांनी आपल्या वाट्याची लेबनॉन, दमास्कस, अलेप्पो, अलवींचा प्रदेश, द्रुझांचा डोंगर अशी शकले केली.

आता आपल्याकडे येऊ. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. बाजीरावाचे राज्य संपले; साताऱ्याच्या महाराजांसाठी काही मुलूख राखून ठेवला जाईल; वतने, इनामे, देवस्थानांची वर्षासने चालू राहतील; कोणाच्या धर्माला धक्का लागणार नाही. मार्च १९१७ मध्ये जनरल मॉड बगदादेत शिरला तेव्हा त्यानेही असाच एक जाहीरनामा काढला होता: आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. शंभर वर्षांत जाहीरनाम्याची भाषा सुधारली, एवढे मान्य करायला हवे. त्याच फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणीत नजरकैदेसारखे असलेले प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या ताब्यात आले. मैसलूनचे वर्णन वाचताना मला आष्टी आठवते ती यामुळे. दोन्हीकडे धनी निघून गेला आणि सेनापती रणावर राहिला.

प्रतापसिंहांना एप्रिलमध्ये गादीवर बसवले. का बसवले? एल्फिन्स्टन काही छत्रपतींचा भक्त नव्हता. मुलूख सगळाच खालसा केला तर हजारो शिलेदार, सरदार, कारकून बेकार होतील आणि बेकार तलवार धोक्याची, हे त्याला कळत होते. पेशव्यांच्या नावाला उतारा म्हणून छत्रपतींचे नाव उपयोगी पडेल, हेही कळत होते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारा राज्याची चतुःसीमा ठरली: दक्षिणेला कृष्णा-वारणा, उत्तरेला नीरा-भीमा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरच्या बाजूचा प्रदेश. नद्या आणि डोंगर पाहून ही रेषा नैसर्गिक वाटते, पण ओढणारा हात तोच होता. वाळवंटात नद्या नव्हत्या म्हणून तिथे पट्टी लागली, इतकेच. राज्य दिले, पण कारभार एप्रिल १८२२ पर्यंत कॅप्टन ग्रँट डफ याच्या हाती राहिला. आपण अभ्यासाला लावतो तो मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हाच गृहस्थ. राज्य चालवता चालवता त्याच राज्याच्या पूर्वजांचा इतिहास लिहिण्याची संधी फार थोड्या इतिहासकारांना मिळाली असेल!

त्या तहातले एक कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचण्यासारखे आहे. महाराजांनी इंग्रज रेसिडेंटच्या मार्फतीखेरीज बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी, सरदाराशी पत्रव्यवहार ठेवू नये, ठेवल्यास राज्य धोक्यात. जवळपास वीस वर्षे हे कलम म्यानातल्या कट्यारीसारखे राहिले. प्रतापसिंह राजा म्हणून कर्तबगार निघाले. रस्ते, पाणी, पाठशाळा, छापखाना याकडे त्यांनी लक्ष दिले. आपल्या हक्काच्या जहागिरींबद्दल ते कंपनीशी वाद घालू लागले, आणि मग हे कलम बाहेर आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, पलटणीतले सुभेदार फितवले, असे आरोप ठेवून सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. तिथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. भाऊ शहाजी गादीवर बसले. ते एप्रिल १८४८ मध्ये निपुत्रिक वारले, घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा झाले. निर्मिती ते निकाल, अवघी तीस वर्षे.

याच्या शेजारी १० ऑक्टोबर १९२२ चा इंग्रज-इराक करार ठेवून पाहा. राजाने आंतरराष्ट्रीय आणि आर्थिक जबाबदाऱ्यांशी संबंधित महत्त्वाच्या सर्व बाबतींत ब्रिटिश हाय कमिशनरच्या सल्ल्याने वागावे, असे त्यात आहे. रेसिडेंटच्या जागी हाय कमिशनर आला, 'मार्फत' च्या जागी 'सल्ला' आला. साचा तोच. जुने प्रतिष्ठित घराणे शोधायचे, त्याला नवे राज्य द्यायचे, राज्याला तह जोडायचा आणि तहाला माणूस. हा साचा एकट्या साताऱ्यात ओतला गेला असे मी म्हणत नाही. हैदराबाद, म्हैसूर ही थोरली उदाहरणे आहेतच. पण तो हिंदुस्थानात ओतला गेला याबद्दल शंका नको. इराकचा पहिला हाय कमिशनर पर्सी कॉक्स आणि त्याच्या आधी कारभार पाहणारा आर्नोल्ड विल्सन, दोघेही हिंदुस्थान सरकारच्या पोलिटिकल खात्यात घडलेले. इराकमध्ये चलन चालत होते ते आपला रुपया. १९३२ साली दिनार येईपर्यंत तो चालत होता. आणि ज्या फौजेने तो मुलूख घेतला तीत कोण होते? कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या डिव्हिजनचे नावच मुळी 'पुणे डिव्हिजन'. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांतली माणसे 'बसऱ्याच्या लढाईवर' गेली आणि परत आली नाहीत, हे कोणत्याही जुन्या लष्करी गावात जाऊन विचारावे. म्हणजे अरब मुलखाच्या वाटणीत आपण निव्वळ प्रेक्षकही नव्हतो. पट्टी धरणारा हात इंग्रजाचा. पण टेबल हलू नये म्हणून ते धरून ठेवणाऱ्यांत आपली माणसे होती.

आता फलटण. आमच्या गावात कोणी म्हणेल की सातारचे राज्य इंग्रजांनी घडवले असेल, पण निंबाळकर काही इंग्रजांनी आणले नाहीत. अगदी खरे. नाईक निंबाळकरांचे घराणे भोसल्यांच्या राज्याहून जुने. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घरच्या. पण घराणे जुने आणि राज्य नवे, हीच तर या साऱ्या व्यवहारातली मेख आहे. शरीफ हुसेनचे हाशिमी घराणे थेट पैगंबरांच्या कुळातले. त्या मानाने त्याच्या मुलांची राज्ये कालची. १८२० साली फलटण, औंध, भोर, जत, अक्कलकोट आणि वाईचे शेख मिरे या सहा जहागिरदारांशी इंग्रजांनी करारमदार केले. वरवर ते साताऱ्याचे सरदार, आतून इंग्रजांची हमी. परिणाम काय झाला? १८२५ मध्ये सातारकरांनी फलटणवर जप्ती आणली. १८२७ मध्ये बनाजी नाईक यांना तीस हजार रुपये नजराणा घेऊन गादी मिळाली. ते वर्षभरात वारले, पुन्हा जप्ती आली, ती थेट १८४१ पर्यंत. तेव्हा त्यांच्या विधवेला दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, पुन्हा तीस हजार मोजून. १८४८ नंतर सातारा नाहीसा झाला, जहागिरी मात्र उरल्या आणि थेट इंग्रजांच्या मांडलिक झाल्या. घोडदळाच्या चाकरीऐवजी फलटणने वर्षाला ९,६०० रुपये भरायचे असे ठरले. ३९७ चौरस मैलांचा हा मुलूख मग 'संस्थान' झाला. थोरले गेले आणि धाकटे राहिले, याचे कारण धाकट्यांचे कर्तृत्व नव्हे. थोरल्याला वारस नव्हता, धाकट्यांनी दत्तकाचे पैसे भरले होते.

सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचे एक सांगायचे राहिले. इंग्रजांची लष्करी चाकरी करण्याचे त्यांनी साफ नाकारले आणि त्याऐवजी १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. पडत्या काळातही माणसाला थोडी निवड असते, ती कशी वापरावी याचा हा नमुना आहे. ज्यांनी ती वापरली नाही त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे सोडून द्यायला तेवढा मुलूखच नव्हता.

या १८२० सालाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीवर १ नोव्हेंबर १८१९ पासून एल्फिन्स्टन होता. त्याच सुमारास मुंबईहून जनरल केर ग्रँट आरमार घेऊन इराणच्या आखातात गेला, त्याने रास-अल-खैमा घेतले आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या अरब शेखांशी तह केले. म्हणजे फलटणच्या निंबाळकरांचा करार आणि शारजा, अबू धाबी, दुबईच्या शेखांचे तह एकाच सरकारच्या दप्तरात, एकाच वर्षाच्या रुमालात बांधले गेले! हे शेख तुर्की साम्राज्याच्या तुकड्यांतले नव्हेत, हे खरे. पण साचा पाहायचा तर तिथेही पाहावा. १८९२ साली त्यांच्याकडून लिहून घेतले ते काय? इंग्रजांखेरीज कोणत्याही सत्तेशी करार वा पत्रव्यवहार करणार नाही. साताऱ्याचे कलम समुद्र ओलांडून गेले ते असे.

ज्यांच्या नशिबाचा हा व्यवहार होत होता त्यांना कोणी विचारले का? साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंहांची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि चौदा वर्षांच्या आसपास तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी भाषणे केली, अर्ज केले, पुस्तके छापली, कर्ज काढले. १८५३ साली रिकाम्या हाताने परतले. फैजल १९१९ साली पॅरिसच्या तह परिषदेत असाच अर्जदार म्हणून उभा राहिला होता. त्याच वर्षी अमेरिकेने किंग आणि क्रेन या दोघांचे एक मंडळ सिरिया-पॅलेस्टाइनमध्ये पाठवले. हे मंडळ गावोगाव हिंडले, लोकांची निवेदने घेतली. लोकांनी स्पष्ट सांगितले की आम्हांला अखंड सिरिया हवा, फ्रान्स नको. अहवाल लिहिला गेला आणि १९२२ पर्यंत छापलाच गेला नाही. तोवर सारे उरकले होते. न विचारण्यापेक्षा विचारून कपाटात ठेवणे अधिक वाईट, असे माझे मत आहे. रंगो बापूजींना निदान कोणी 'तुमचे मत सांगा' म्हणून लंडनला बोलावले नव्हते.

येथवर दोन्ही गोष्टी समांतर चालतात. रेषा ओढणारा निघून गेला तेव्हा मात्र त्या फुटतात, आणि मला खरे म्हणायचे आहे ते इथे. आमच्या रेषा पुसल्या गेल्या, त्यांच्या राहिल्या. आपण शहाणे आणि ते भांडखोर, हे त्याचे कारण नव्हे.

जुलै १९४६ मध्ये दक्षिणेतले संस्थानिक पुण्यात गांधीजींना भेटले. आपले एक संघराज्य करावे असा विचार होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये आठ संस्थानांनी तसा करार केला: औंध, भोर, फलटण, सांगली, मिरजेच्या दोन्ही पात्या, थोरले कुरुंदवाड आणि रामदुर्ग. 'संयुक्त दख्खन राज्य' असे ते नाव. नकाशावर पाहिले तर हे राज्य म्हणजे गोधडीचे ठिगळ. एका औंधाचाच मुलूख साताऱ्यात, आटपाडीकडे आणि पार विजापूरकडे विखुरलेला. जमखंडीचे राजे त्यात आले नाहीत, त्यांनी सरळ मुंबई प्रांतात विलीन होण्याची तयारी दाखवली. प्रजा परिषदांचे कार्यकर्तेही विलीनीकरण मागू लागले. गांधीहत्येनंतर या भागात जी जाळपोळ झाली तिनेही राजांचा धीर खचवला. ८ मार्च १९४८ रोजी फलटणसह ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. (फैजलला दमास्कसमध्ये राजा केले तीही तारीख ८ मार्चच. योगायोग आहे, पण लक्षात राहतो.) फलटणचे अधिपती मालोजीराव नाईक निंबाळकर पुढे मुंबई राज्यात मंत्री झाले. राजाने मंत्रिमंडळात बसायचे आणि त्याच्या जुन्या प्रजेने मते द्यायची, हे बगदादला कधी घडले नाही. तिथे १४ जुलै १९५८ रोजी फैजलच्या नातवाला, दुसऱ्या फैजलला, राजवाड्यात गोळ्या घातल्या गेल्या.

हा फरक कशाने पडला? आमच्या धाकट्या राज्यांना विरघळायला शेजारी एक मोठे भांडे तयार होते. मुंबई प्रांत होता, त्यामागे काँग्रेस होती, सातारा जिल्ह्यात तर लोकांनी १९४३ पासून पत्री सरकार चालवून दाखवले होते. त्या लढ्यात संस्थानी हद्दीचाही उपयोग झाला, हे विसरू नये. कुंडल औंध संस्थानात होते, आणि इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांचा ससेमिरा चुकवायला ही कार्यकर्त्यांना सोयीची जागा होती. परक्याने ओढलेली रेषा घरच्या माणसाने आडोसा म्हणून वापरली. दुसरे कारण, आमच्या साऱ्या रेषा एकाच धन्याच्या होत्या आणि तो एकाच दिवशी गेला. अरबांचा मुलूख दोन धन्यांत वाटलेला. इराक १९३२ साली सुटला, लेबनॉन १९४३ साली, सिरिया आणि जॉर्डन १९४६ साली. प्रत्येकाला वेगळी फौज, वेगळे चलन, वेगळा जकातनाका आणि संयुक्त राष्ट्रसंघात वेगळी खुर्ची मिळाली. शिवाय जमिनीखाली तेल. ९,६०० रुपये भरणाऱ्या संस्थानाला विलीन करणे आणि तेलाच्या विहिरींवर बसलेल्या राज्याला विलीन करणे, यात फरक असणारच. एकीची हौस त्यांनाही होती. १९५८ साली इजिप्त आणि सिरिया खरोखर एक झाले. १९६१ साली फुटले, कारण दमास्कसवर कैरोचे अधिकारी येऊन बसले. फलटणच्या कचेरीत उद्या परप्रांतीय मामलेदार आणि परप्रांतीय फौजदार बसले तर आपण किती दिवस धीर धरू?

आणि ज्यांचे तह आमच्याच रुमालात बांधले होते त्या आखाती शेखांचे काय झाले? इंग्रज तिथून १९७१ साली निघाले. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा शेखांनी मिळून संयुक्त अरब अमिराती स्थापन केली, सातवा रास-अल-खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये आला. संयुक्त दख्खन राज्य जगले असते तर कदाचित असे काही दिसले असते: राजे जागेवर, वर एक संघ. त्याच डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या संसदेच्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या संपल्या. एकाच वर्षी सुरू झालेल्या दोन दप्तरांपैकी एक मिटले आणि दुसरे नव्याने उघडले, तेही एकाच महिन्यात. दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्या इकडच्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

विलीनीकरण योग्यच झाले, याबद्दल मला संशय नाही. आठ संस्थानांच्या आठ कचेऱ्या आणि आठ दरबार यांतून रयतेचे भले झाले नसते. तरीही एक खंत आहे, आणि ती औंधाबद्दल आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी २१ जानेवारी १९३९ रोजी आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचे कष्ट होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची बिनभिंतींची कैद्यांची वसाहत याच काळातली. इंग्रजांच्या साच्यातून निघालेल्या एका चिमुकल्या राज्याने आतून स्वतःला रयतेचे करून घेतले होते. १९४८ साली हे राज्यही बाकीच्यांबरोबर एका सहीने संपले आणि त्याची घटनाही. ती नऊ वर्षे जिल्ह्याच्या कारभारात कुठे मुरली, याचा मी शोध घेतो आहे. अजून फारसे हाती लागलेले नाही.

दुसरे असे की आमच्याही सगळ्या रेषा पुसल्या गेल्या नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, जत आणि अक्कलकोट इकडे राहिले. जत तालुक्यात आजही कानडी शाळा आहेत आणि बेळगावात मराठी माणूस १९५६ पासून त्याच प्रश्नावर उभा आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. ही रेषा कोणा सायक्स-पिकोने ओढलेली नाही. जून २०१४ मध्ये इराक-सिरियाच्या सीमेवरचा मातीचा बांध बुलडोझरने पाडून 'सायक्स-पिको संपले' अशी घोषणा करणारी टोळी आपण पाहिली. त्यांनी बांध पाडला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांवर जे अत्याचार केले ते रेषा ओढणाऱ्यांनीही केले नव्हते. ८ डिसेंबर २०२४ रोजी दमास्कसमध्ये असाद राजवट कोसळली तेव्हा चौकात जमलेल्या लोकांच्या हातांत सिरियाचाच झेंडा होता, तोही स्वातंत्र्याच्या काळातला, हिरव्या पट्ट्याचा. परक्याने ओढलेल्या रेषेच्या आत शंभर वर्षे राहून, मार खाऊन लोकांनी ती आपली केलेली दिसते.

म्हणून माझ्या मते रेषा कोणी ओढली हा प्रश्न दुसरा. आत राहणाऱ्यांना कधी विचारले का, हा पहिला. जुनागढच्या लोकांना फेब्रुवारी १९४८ मध्ये मतपेटी देऊन विचारले गेले. पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. फलटणला त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत विलीन केले, तेव्हा अशी मतपेटी कोणी मांडली नाही. मांडली असती तर निकाल विलीनीकरणाच्याच बाजूने लागला असता असे मला वाटते, पण वाटणे आणि मोजणे यात अंतर आहे. १९४८ साली दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज ऐंशीच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. मंगळवार पेठेत, साखरवाडीला, नीरेच्या काठच्या वाड्यांवर अशी अजून काही सापडतील. आपल्या इतिहास विभागाने येत्या सुट्टीत चार-पाच विद्यार्थ्यांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवावे: संस्थान गेले त्या दिवशी गावात काय बोलणे झाले, झेंडा कोणी उतरवला, घरातल्या मोठ्या माणसांना काय वाटले. माझे नाव त्या यादीत आधीच धरावे.